समाधानच्या नंबरावरून

त्या रोजी आम्ही दोघी मधुकर अण्णाच्या नव्या केळीत निंदत व्हतो. आखाड लागेल, आठ रोजापासून झड, सूर्याचं तोंड दिसे ना. काळी माती पायाले अशी धरे का चपला हातात घेऊन चालावं लागे. मी एका सरीत, तृप्ती दुसऱ्या सरीत. तृप्ती म्हंजे अण्णाची सून, समाधानची बायको. अन् मी गोदाबाई, वीस वर्सापासून त्याईच्या वावरात रोजानं जाते. तिची सासू मेल्यावर केळीचं काम तिले मीच शिकवलं, म्हनून तिच्यावर तोंड टाकाचा हक्क मले हाय असं मी समजते.

निंदता निंदता पोरगी थांबली. एका झाडाचं पान उलटं करून पाहे, सुलटं करून पाहे. कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला, पानाचा फोटो घेतला अन् मोबाईलात तोंड घालून बसली. मी म्हनली, बाई, मोबाईलानं गवत निंगत नाही, खुरपं चालव. तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाही. पान तोडलं अन् सरळ बांधावर गेली. तठी अण्णा गोनपाट डोक्यावर घेऊन बिडी पेटवू पाहे, अन् काडी पेटे ना, म्हनून पह्यलेच तापेल व्हता.

"अण्णा, हा हरण्या आहे," ती म्हनली. "सोळा झाडं मोजली मी. आज उपटून जाळली तर बाकी बाग वाचेल. आणि बांधावरची काकडी-गिलकीची वेलंसुद्धा काढावी लागतील. त्यांच्यावर मावा बसतो, तोच रोग इकडे आणतो."

हरण्या म्हंजे केळीचा खराब रोग. पानावर पिवळे पट्टे पडतात, मधला पोंगा, म्हंजे गुंडाळेल कवळं पान, सडतो, झाड मरत नाही पन घडही देत नाही. नुसतं खात-पीत उभं राहतं. असे मानसंबी असतात, त्याईचं नाव पुढं येईल.

अण्णानं पानाकडं पाह्यलंच नाही. "तुह्या बापानं कधी केळ लावली व्हती का?" म्हने. तिचा बाप नेपानगरले नोकरीले व्हता, सायकलीवर डबा नेनारा मानूस. "चाळीस वर्सं झाली मले ह्या मातीत. खत कमी पडलं का पान पिवळं पडतं, हे बारकं लेकरू सांगेल. बाईची अक्कल चुलीपुढं. पुन्हा मोबाईल वावरात आनला तर दगडावर ठेवून फोडीन."

ती म्हनली का खताचं पिवळं येगळं असतं अन् हे येगळं. अण्णानं तिच्या हातातलं पान ओढून चिखलात फेकलं अन् मले म्हने, गोदाबाई, हिले सरीत ने. मी नेली. रोजाचे पैसे त्याचे, मी कायले मधी पडू?

दुपारी भाकर खाताना ती मले सांगे. तिनं ते सारं मोबाईलातच शिकलं व्हतं. दोन वर्सापासून ती रोज रातची भांडी घासून झाली का केळीचे व्हिडिओ पाहे. मराठीतले पाहे, हिंदीतले पाहे, अन् एक तर असा दाखवला मले का त्यात कोन्या परमुलखातल्या बाया, फिलिपाईन्स म्हने, टोपल्यावानी टोप्या घालून केळीची रोगट झाडं काढत व्हत्या. त्यातली एक बाई मुकादम व्हती. हातवारे करून गड्यायले सांगे, अन् गडी मान हालवून ऐकत. तृप्ती म्हने, मावशी, ह्यांची भाषा एक अक्षर समजत नाही मला, पण पान तेच आहे. मी पाह्यलं. पान खरंच तेच व्हतं. पन मले पानापेक्षा त्या ऐकनाऱ्या गड्यायचं नवल वाटलं.

आता तो मोबाईल तिचा नव्हता, हे सांगाले पाह्यजे. समाधान बऱ्हानपूरले पावरलूमवर कामाले. आठवडाभर तठीच राहे, रविवारी येई. त्यानं नवा मोबाईल घेतला, नवा नंबर घेतला, अन् जुना मोबाईल जुन्या नंबरासकट घरी टाकून दिला, बापाशी बोलाले. अण्णाले बटनाच्या मोबाईलशिवाय जमे ना, म्हनून तो तृप्तीच्या हाती आला. अन् त्या जुन्या नंबरावर एक ग्रुप व्हता, आमच्या फोपनार गावच्या केळीवाल्यायचा. दीडशे मानसं, बाई एकबी नाही. गावातल्या ऋषिकेशनं तो ग्रुप बनवला तवाच नेम केला का ज्याच्या नावावर वावर त्यालेच आत घ्याचं. पन निंबाची दोन एकर केळ त्याच्या बायकोच्या, कुसुमच्या नावावर, अन् ग्रुपात कोन? निंबा.

तर भाकर खाऊन झाल्यावर तृप्ती बांधाच्या टेकाडावर चढली, तठीच रेंज येते, अन् तिनं त्या ग्रुपात लिहिलं. पानाचा फोटो टाकला. हरण्या आला हाय, असे पट्टे पडतात, मावा मारा, झाडं उपटा, वेलं काढा. मले वाचून दाखवलं. मी म्हनली, पन खाली नाव कोनाचं? ती म्हने, नाव कशाला टाकायचं, नंबर समाधानचा आहे, सगळ्यांना समाधानच दिसतो.

संध्याकाळी मी त्याईच्या घरी ताक घ्याले गेलती. अण्णा हाटेलावरून आला तो लांब लांब पावलं टाकत. तठी लोकायनं त्याले मोबाईल वाचून दाखवला व्हता. छाती अशी फुगेल का सदऱ्याचं बटन तुटते का काय. ओट्यावर उभं राहून म्हने, "माह्या पोराले बऱ्हानपुरात बसून कळलं, अन् तुम्ही रोज वावरात मरता तरी तुम्हाले दिसत नाही. उद्या सकाळी पह्यलं काम, सोळा झाडं उपटून जाळाची. बांधावरची वेलं काढाची. समाधाननं सांगतलं हाय."

तृप्ती चुलीपुढं बसेल व्हती. "हो अण्णा," म्हनली. मले वाटलं हसू दाबते. पन मी वाकून पाह्यलं तर तिचे दात एकावर एक घट्ट बसेल व्हते.

दुसऱ्या रोजी माह्यंच नशीब फुटलं. बांधावर गिलकीचे सात वेल माह्ये व्हते. अण्णाच्या बायकोनं मरायच्या आधी मले तो बांध देला व्हता, का गोदा, तू लाव अन् बाजारात विक. फुलं लागेल व्हती. तृप्तीनं विळा काढला अन् मुळापासून कापत चालली. मी तिच्या हाताले धरलं. लई बोलली मी तिले. तुह्या मोबाईलले वाळवी लागो म्हनली, तुह्या हातालेबी लागो म्हनली. तिनं एक पान उलटं करून माह्या नाकापुढं धरलं. खालून काळंभोर, मावा नुसता वळवळ करे. मी तिचा हात सोडला. पन राग गेला नाही, तीन रोज मी तिच्याशी बोलली नाही. गिलकी माह्यी गेली, केळ त्याईची वाचली. गरिबाच्या वेलावरच पह्यला विळा चालतो, मंग ते सांगनारी बाई असो का मानूस.

वाचली मात्र खरंच. पंधरा रोजात अण्णाच्या केळीनं अशी उचल खाल्ली का रस्त्यानं जानारे थांबून पाहत. गावात ज्यायनं ज्यायनं त्या लिहिल्यावर झाडं काढली त्यायचंबी थांबलं. मंग काय, समाधानभाऊ, समाधानभाऊ. कोनी खताचं विचारे, कोनी पान्याचं. फोन आला का ती कापून टाके अन् लिहून पाठवे का लूमवर आहे, आवाज येत नाही, लिहून विचारा. अन् लोक लिहित. जे बापे वावरात ती समोरून गेली तर खाकरून थुंकत, ते रातच्याले तिलेच विचारत का भाऊ, पोटॅश किती टाकू. ती पोळ्या लाटता लाटता एका हातानं लिहे. मी पाह्यलं तिले तवा, तिचं तोंड येगळंच दिसे. बाराव्या वर्गाच्या निकालाच्या दिवशी पोरी दिसतात तसं.

मले भीती वाटे. म्हनली, पोरी, हे झाकून किती रोज राहील? ती म्हने, झाकलं म्हणूनच तर चाललंय मावशी.

लूमवर जादा काम म्हनून समाधान दोन रविवार आला नव्हता. तिसऱ्या रविवारी आला तर गावाच्या तोंडाशीच लोकायनं त्याले घेरलं. चहा पाजला, खांद्यावर हात टाकले. खकनारले शेतकऱ्यायचा मेळावा व्हता, तठी चार शब्द बोलाले चल म्हने. हा बापडा नुसता पाहत राह्यला. घरी येऊन त्यानं तृप्तीले विचारलं तवा मी ओट्यावरच व्हती. तिनं सारं सांगतलं, काही लपवलं नाही. तिले वाटलं व्हतं का तो उठून बापाले सांगेल, लोकायले सांगेल. येडी पोरगी.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. मंग म्हने, "चांगलं केलं. पन लोक मले विचारू राह्यले ना? मंग नंबर माह्याजवळच पाह्यजे. बराबर हाय का नाही?"

अन् तिच्या कानातला बारका डूल काढून मागितला, त्याच्या तारेनं मोबाईलातलं सिम काढलं, अन् आपल्या नव्या मोबाईलात टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हनतात तो म्या डोळ्यानं पाह्यला, अन् डूलबी त्या नागोबाले तिचाच लागला. मेळाव्यात काय बोलाचं ते तिनंच वहीच्या पानावर लिहून देल्लं. तो वाचून आला. शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल अण्णानं खुंटीवर लावली, येनाराले दाखवाले. नारळ फोडून तृप्तीनं चटनी केली.

ती चिडली नसंल असं समजू नका. पन तिनं भांडन केलं नाही, येगळी वाट काढली. आपल्या नावावर नंबर घ्यायचा म्हने. त्याले आधार कार्ड लागतं. अन् तिचं आधार कुठं? अण्णाच्या पेटीत. लग्न झाल्यावर नाव बदलाले म्हनून घेतलं व्हतं, मंग परत कोन देतं? आमच्याकडं सुनेचे कागद सासऱ्याच्या पेटीतच जुने होतात. तिनं मागितलं. अण्णा म्हने, घरात दोन मोबाईल असताना बाईले तिसरा कायले? नंबर बाईच्या नावावर झाला का बाई हातातून गेली समज. पेटीची किल्ली त्याच्या जानव्यासारखी कमरेच्या करदोड्याले, ती तठीच राह्यली.

मंग ते डबडं तिच्या उशाशी पडून राहे. सिम नाही, रेंज नाही. पह्यले काढून ठेवलेले चार व्हिडिओ ती परत परत पाहे. वावरात बोलनं बंद. खुरपं असं मारे का गवताशी वैर हाय. एकदा मले म्हनली, "मावशी, आधी मला काही माहीत नव्हतं, तेव्हा बरं होतं. आता दिसतं आणि सांगता येत नाही." मी काय सांगू तिले? माह्यी तर सारी उमर तशीच गेली.

इकडं समाधान ग्रुपात बोलाले लागला. लिहाचा त्याले आळस, म्हनून बोलून पाठवे. अन् काय बोले? ज्याले जे गोड लागतं ते. निंबाची केळ अण्णाच्या बांधाले लागून. तीन हजार झाडं, सारी टिश्यूची महागडी रोपं. त्यात हरण्याची पन्नास-साठ झाडं दिसाले लागली तवा निंबानं फोटो टाकून विचारलं. पन्नास झाडं उपटाची कोनाच्या जिवावर येत नाही? समाधानले ते मालूम. त्यानं बोलून सांगतलं का काही उपटू नका.

तृप्तीनं बांधावरून निंबाची केळ पाह्यली तवाच तिले समजलं. तिनं कुसुमले बोलावून सांगतलं, मावा उडू राह्यला, आजच झाडं काढा. कुसुमनं नवऱ्याले सांगतलं. निंबा म्हने, समाधान म्हनतो उपटू नका, त्याची बायको म्हनते उपटा, आमी ऐकावं कोनाचं? अन् तो हसला म्हने. हे मले कुसुमनंच सांगतलं.

वीस रोजात निंबाचा अर्धा बाग पिवळा झाला.

पोळ्याच्या आदल्या रविवारी निंबा अण्णाच्या अंगनात येऊन उभा राह्यला. संग ऋषिकेश अन् आठ-दहा मानसं. निंबा तसा मोठ्या आवाजाचा मानूस, पन त्या रोजी त्याचा आवाज फाटेल व्हता. म्हने, समाधान, तुह्या भरोशावर राह्यलो मी. तीन हजार झाडं, माह्या पोरीचं कॉलेज त्यात हाय, पुढचं वर्स त्यात हाय. सांग आता काय करू.

समाधान घरातून निंघाला. मानसं पाह्यली. त्याच्या तोंडावरचं पानी पळालं. मंग मागं वळून त्यानं चुलीकडं बोट केलं.

"निंबाआप्पा, ते मी नाही. नंबर घरी राहे, ही लिहे सारं. मी लूमवर, मले काय मालूम? बाईचं काम, चुकलं असंल."

अस्सं. जे बरोबर आलं त्याची शाल ह्याच्या खुंटीवर, अन् जे चुकलं ते बाईचं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या व्हत्या मी, पन घरच्या बाईवर अशा भर अंगनात मारलेल्या ऐकल्या नव्हत्या. अण्णा तर हात उगारूनच धावला. घर बुडवलं म्हने, गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाही. मी मधी उभी राह्यली. म्हातारीले मारनं त्याले जड गेलं असंल, हात खाली आला.

तृप्ती उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर व्हता, पन नजर खाली नव्हती.

"आप्पा, झाडं उपटू नका हे तुम्हाला लिहून आलं का बोलून?"

निंबा गोंधळला. "बोलून," म्हने.

"मी आजपर्यंत एक शब्द बोलून पाठवला नाही. बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं का?"

मी म्हनली, अरे निंबा, हाताच्या काकनाले आरसा कायले? वाजव ना. निंबानं मोबाईल काढला. दोनदा भलतंच दाबलं. मंग साऱ्या अंगनात समाधानचा आवाज आला, तोच, नाकातला: "निंबाआप्पा, उपटायची काही जरूरत नाही. दवाई मारा. आठ रोजात पान हिरवंगार. माह्या भरोशावर राहा."

समाधान खाली वाकून चपलेचा अंगठा नीट कराले लागला, जो चांगला व्हता. मंग कोनीतरी हळूच विचारलं का मंग पह्यलेचं, ते आखाडातलं, ते कोनी लिहिलं व्हतं? तृप्ती म्हनली, ते मी. सोळा झाडं मीच मोजली होती. अण्णांना पान दाखवलं होतं, त्यांनी चिखलात फेकलं. गोदामावशी होत्या.

व्हती मी. सांगतलं मी.

आता तुम्हाले वाटंल का लोकायनं तिले चार बरे शब्द म्हनले असतील. आमच्या गावाले तुम्ही ओळखत नाही. ऋषिकेशचं तोंड लाल झालं. "म्हंजे इतके रोज आपल्या ग्रुपात बाई व्हती?" म्हने. अन् सारे एकमेकाकडं पाह्याले लागले. निंबाचा बाग राह्यला बाजूले. त्या ग्रुपात केळीच्या भावासंग त्यायनं रातच्याले काय काय टाकलं व्हतं, कोनत्या बाईबद्दल काय लिहिलं व्हतं, ते ज्याचं त्याले आठवू लागलं. एकानं मान खाली घातली, दुसरा निंघूनच गेला. तृप्तीनं ते सारं वाचेल व्हतं अन् रोज सकाळी त्याच मानसायच्या समोरून ती वावरात जात व्हती. ऋषिकेशनं तठीच उभं राहून समाधानचा नंबर ग्रुपातून काढून टाकला. न्याय झाला. रोग निंबाच्या वावरात, अन् उपटली कोन, तर तृप्ती.

दुसऱ्या रोजी सकाळी आम्ही अण्णाच्या केळीत बुडाशी फुटेल पिलं कापत व्हतो तर कुसुम आली. पदराखाली दोन पानं. लांब बांधावर निंबा पाठ करून उभा, जसा काही आभाळ पाह्याले आला. कुसुम म्हने, बाई, एकदा पाह्य. ह्याईनं विचारलं हाय का अर्धा तरी वाचंल का.

तृप्तीनं पान हातात घेतलं नाही. विळा चालूच ठेवला.

"त्यांना सांगा, मी पाहते. पण आधी त्यांनी आमच्या अण्णांकडून माझं आधार आणून द्यायचं. माझ्या हातात. मग माझा नंबर होईल आणि मग मी सांगेन."

कुसुमच्या डोळ्यात पानी आलं. मलेच राग आला तिचा. मी म्हनली, तृप्ती, हिचं काय चुकलं? अन् त्याचा मावा उडून आपल्याच केळीत येनार हाय, तू तुह्याच पायावर धोंडा मारू राह्यली. ती म्हने, माहीत आहे मावशी. हा बाग गेला तरी चालेल मला. बागेत माझं काय आहे?

असं बोलली ती. ज्या बागेसाठी शिव्या खाल्ल्या, त्याच बागेबद्दल. मले ते आवडलं नाही अन् आजबी आवडत नाही. पन खोटं बोलली असं मी म्हनू शकत नाही.

निंबा अन् अण्णाचं बांधावरून बारा वर्सापासून बोलनं नव्हतं, पोराशी बोले, बापाशी नाही. आदल्या रोजी अंगनात आला तोबी भांडालेच. त्या सकाळी तो मागाले आला. मी मुद्दाम विळ्याले धार लावाले अण्णाच्या घरी गेली, खोटं कायले सांगू, पाह्यालेच गेली. निंबानं टोपी काढून हातात घेतली. म्हने, अण्णा, तुह्या सुनेचा कागद दे. अण्णा म्हने, माह्या घरचा कागद मागनारा तू कोन? निंबा म्हने, मी बुडेल मानूस हाय, अन् तुह्या पोरानं बुडवला. कागद दे, नाहीतर पोराचा आवाज मी पोळ्याच्या मिरवनुकीत भोंग्यावर लावतो, आजूबाजूच्या पाच गावायले ऐकवतो.

अण्णानं खुंटीवरच्या शालीकडं पाह्यलं. मंग उठला. करदोड्याची किल्ली काढली, पेटी उघडली, अन् कार्ड काढून ओट्यावरून खाली फेकलं. चिखलात पडलं. निंबा वाकला अन् त्यानं ते उचललं. सदऱ्याले पुसलं. वावरापावतर तो ते हातात धरूनच चालत आला, खिशात नाही घातलं, मी मागूनच व्हती.

तृप्तीनं कार्ड घेतलं. त्यावरचा फोटो पाह्यला, लग्नाच्या आधीचा, दोन येन्या. ब्लाऊजात ठेवलं अन् म्हनली, चला.

निंबाच्या बागेत ती एकेक सर चालली. पुढं ती, मागं निंबा, त्याच्यामागं कुसुम अन् मी. पान उलटं करे, पोंगा दोन बोटानं दाबे, पुढं जाय. दोन तास गेले. झड पुन्हा लागली, तरी ती थांबली नाही. शेवटच्या सरीत पोचली तवा तिचे पाय गुडघ्यावर चिखलानं भरेल व्हते.

"आप्पा, आठ सरींमागे एक सर चांगली आहे," म्हनली. "तीसुद्धा राहणार नाही. सगळा बाग काढा. आधी मावा मारा, नाहीतर उपटताना उडेल. मग मुळासकट काढून जाळा."

तीन हजार झाडं. मले वाटलं आता निंबा तिच्यावर धावून जातो, कागद आनून देल्ला तो ह्यासाठी का म्हनतो. तो उभाच. टोपीतून पानी गळे त्याच्या. आपल्या केळीकडं एकदा पाह्यलं त्यानं, मंग तिच्याकडं. मी सत्तर वर्साची व्हनार, पन बाप्या मानसानं बाईले असं विचारलेलं मी फोपनारात ऐकलं नव्हतं.

"कोन्या बाजूनं सुरू करू, तृप्ती?"

"आमच्या बांधाकडून," ती म्हनली. "तिकडून मावा आमच्या केळीत येतो."

झड उघडली तशी निंबानं फवारनीचा पंप पाठीवर घेतला अन् बांधाकडं गेला.